इव्हो की एसटीआय? अडीच हजार गाड्यांच्या नियमाची गोष्ट

१९९२ सालच्या उत्तरार्धात, काही आठवड्यांच्या अंतराने, जपानमध्ये दोन गाड्या विक्रीला आल्या. दोन्ही चार दारांच्या. दोन्हींना दोन लिटरचं टर्बो इंजिन आणि दोन्हींमध्ये इंजिनाची ताकद चारही चाकांना मिळणारी. लांबून पाहिलं तर एखाद्या बँकेतल्या कारकुनाने हप्त्यांवर घेतलेली साधी घरगुती गाडी वाटावी. जवळ गेल्यावर मात्र एकीच्या बॉनेटवरचं हवा ओढणारं नाकाड दिसायचं आणि दुसरीच्या डिकीवरचा पंख. पहिली सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स, दुसरी मित्सुबिशी लॅन्सर इव्होल्यूशन.

पुढची वीस-बावीस वर्षं जगभरच्या गाडीवेड्या पोरांमध्ये एक वाद चालू राहिला: इव्हो की एसटीआय? इव्हो म्हणजे अर्थातच इव्होल्यूशन. एसटीआय म्हणजे सुबारू टेक्निका इंटरनॅशनल. सुबारूने १९८८ साली काढलेली ही शर्यतींसाठीची कंपनी, आणि १९९४पासून तिचं नाव मिरवणारी इम्प्रेझाची जहाल आवृत्ती. हा वाद काही पोस्टरवरच्या गाड्यांचा नव्हता. फेरारीवर वाद घालणाऱ्यांपैकी फेरारी घेणारा लाखात एखादा. इथे वाद घालणारा माणूस खरोखर पैसे साठवत असायचा. त्याला एकच गाडी परवडणार होती. सोमवार ते शुक्रवार तीच ऑफिसला न्यायची आणि रविवारी तीच ट्रॅकवर पिदडायची.

दोन डगरींवर पाय ठेवणारी अशी गाडी कुठल्या कंपनीने मुळात का बनवावी? तिचं उत्तर बाजारात सापडत नाही. ते सापडतं रॅलीच्या नियमपुस्तकात.

कॉर्सिकातला अपघात

रॅली म्हणजे फॉर्म्युला वनसारखी बंदिस्त ट्रॅकवरची शर्यत नव्हे. ती होते खऱ्या रस्त्यांवर: घाटात, जंगलात, बर्फात, धुळीत. काही किलोमीटरचा रस्ता बंद करतात, त्याला स्टेज म्हणतात, आणि प्रत्येक गाडी तो एकेकटी, घड्याळाशी झुंजत पार करते. एक स्टेज संपली की दुसरीपर्यंत तीच गाडी चालू वाहतुकीतून, सिग्नल पाळत न्यायची. म्हणून रॅलीच्या गाडीला नंबर प्लेट लागते, दिवे लागतात, इंडिकेटर लागतात. शर्यतीची गाडी आणि रस्त्यावरची गाडी एकच असणं ही रॅलीची मूळ अटच आहे.

१९८२ साली आलेल्या ‘ग्रुप बी’ या गटाने ही अट नावापुरती ठेवली. फक्त २०० गाड्या बनवल्या की कंपनी स्पर्धेला पात्र ठरे. मग कंपन्यांनी हलक्या सांगाड्यात प्रचंड ताकदीची इंजिनं कोंबली आणि शेवटी शेवटी हा आकडा ४५० अश्वशक्तीच्या पुढे गेला. मार्च १९८६मध्ये पोर्तुगालच्या रॅलीत एक फोर्ड गाडी प्रेक्षकांत घुसली आणि माणसं मेली. २ मे १९८६ रोजी कॉर्सिका बेटावर हेन्री टोइव्होनेन आणि त्याचा सहचालक सर्जो क्रेस्टो यांची लान्चिया रस्त्याबाहेर जाऊन पेटली. दोघेही वाचले नाहीत. ग्रुप बी त्या वर्षाअखेरीस बंद झाला.

१९८७पासून मुख्य गट झाला ‘ग्रुप ए’. त्याची अट कडक होती: जी गाडी रॅलीत उतरवायची, तिच्या किमान ५,००० गाड्या सामान्य ग्राहकासाठी बनवायच्या. पुढे हा आकडा २,५०० वर आला. आता विचार करा. रॅली जिंकायची तर टर्बो हवा, चारही चाकांना ताकद हवी, इंजिन थंड ठेवायला बॉनेटला भोकं हवीत. आणि हे सगळं ज्यात आहे अशा अडीच हजार गाड्या, विमा भरणाऱ्या, पोरांना शाळेत सोडणाऱ्या माणसांना विकून दाखवायला हव्यात.

ग्रुप एची पहिली सहा वर्षं, म्हणजे १९८७ ते १९९२, लान्चिया डेल्टाने उत्पादकांचं अजिंक्यपद आपल्याकडे ठेवलं. जपानी कंपन्या मागे होत्या. मित्सुबिशी गॅलांट व्हीआर-४ ही गाडी घेऊन उतरायची, सुबारू लेगसी घेऊन. दोन्ही दणकट, पण दोन्ही जरा थोराड. वळणावळणाच्या अरुंद रस्त्यावर लांब गाडी म्हणजे ओझं. दोन्ही कंपन्यांना एकाच वेळी एकच युक्ती सुचली: मोठ्या गाडीची यंत्रणा काढायची आणि धाकट्या गाडीत बसवायची. गॅलांटची यंत्रणा लॅन्सरमध्ये गेली आणि इव्हो झाली. लेगसीची इम्प्रेझात गेली आणि डब्ल्यूआरएक्स झाली.

एकाच प्रश्नाची दोन उत्तरं

इव्होमध्ये ४जी६३ नावाचं चार सिलिंडरचं इंजिन होतं. ओतीव लोखंडाचा ब्लॉक, सिलिंडर एका ओळीत उभे, आणि सगळं इंजिन गाडीत आडवं बसवलेलं. जुन्या पद्धतीचं, जड, पण हाडापेराने मजबूत. या इंजिनात मूळ ताकदीच्या दुप्पट ताकद काढणारे मेकॅनिक पुढे जगभर तयार झाले.

इम्प्रेझात होतं बॉक्सर इंजिन. यात सिलिंडर उभे नसतात, जमिनीला समांतर झोपलेले असतात, दोन डावीकडे आणि दोन उजवीकडे. त्यामुळे इंजिन बुटकं होतं आणि वजन जमिनीलगत राहतं. इंजिन, त्यामागे गिअरबॉक्स, त्यामागे मागच्या चाकांकडे जाणारा दांडा, असं सगळं एका सरळ रेषेत येतं. गाडी मधोमध कापली तर दोन्ही अर्धुकं जवळजवळ सारखी. शिवाय धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या कमीजास्त लांबीच्या असल्यामुळे या इंजिनाला तो प्रसिद्ध घुमणारा आवाज मिळाला. इम्प्रेझा येतेय हे ती दिसायच्या आधी कळायचं.

या रचनेलाही मेख होतीच. बॉक्सर इंजिन पुढच्या चाकांच्याही पुढे बसतं, त्यामुळे जोरात वळण घेताना गाडीचं नाक बाहेर सरकू पाहतं. स्पार्क प्लग बदलायचे तर ते इंजिनाच्या कडेला, चॅसिसच्या पट्टीजवळ दडलेले, आणि मेकॅनिकचा हात सोलून निघतो.

वळणाचा हा प्रश्न दोघांनी कसा सोडवला, यात दोन्ही कंपन्यांचा स्वभाव दिसतो. सुबारूने एसटीआयच्या काही आवृत्त्यांमध्ये ड्रायव्हरच्या हाताशी एक छोटं चाक दिलं. पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी किती घट्ट जोडायची, हे त्यावरून ड्रायव्हरने स्वतः ठरवायचं. मित्सुबिशीने १९९६च्या इव्हो चारमध्ये ‘अ‍ॅक्टिव्ह यॉ कंट्रोल’ आणलं. वळणावर मागच्या दोन चाकांपैकी कुठल्याला जास्त ताकद द्यायची हे इथे कॉम्प्युटर ठरवतो. बाहेरच्या चाकाला जास्त जोर मिळाला की गाडी आतल्या बाजूला ओढली जाते. सुबारूने माणसाच्या हातात बटण दिलं, मित्सुबिशीने माणसाला सांगितलं की तू फक्त स्टिअरिंग वळव.

नियम पाळण्यासाठी बनवल्याची खूण दोन्ही गाड्यांवर होती. इव्होची ‘आरएस’ आवृत्ती घ्या. तिच्यात खिडक्या हाताने फिरवायच्या, चैनीच्या बहुतेक गोष्टी गाळलेल्या. घेणारा तिला थेट रॅलीत उतरवणार, मग उगाच वजन कशाला? तीच गाडी ‘जीएसआर’ या नावाने घेतली की एसी आणि बऱ्या खुर्च्या मिळायच्या. पहिली इव्हो २५० अश्वशक्तीची होती. कंपनीने नियमापुरत्या २,५०० बनवायचं ठरवलं होतं. त्या इतक्या भराभर खपल्या की आणखी बनवाव्या लागल्या. अशी गाडी हवी असणारी माणसं होती. त्यांना विचारलंच कुणी नव्हतं.

१९९७चा फाटा

मैदानावर आधी सुबारू जिंकली. १९९५ साली सत्तावीस वर्षांचा स्कॉटिश ड्रायव्हर कॉलिन मॅक्रे इम्प्रेझातून जगज्जेता झाला. त्याने हरवलं ते आपल्याच टीममधल्या कार्लोस साइन्झला, ९० विरुद्ध ८५ गुणांनी. निळ्या गाडीवर पिवळ्या अक्षरांत ५५५ हा आकडा त्या वर्षापासून रॅलीवेड्यांच्या डोळ्यांत बसला. खरं तर तो एका सिगारेटच्या ब्रँडचा आकडा होता. सुबारूने १९९५, ९६ आणि ९७ अशी सलग तीन वर्षं उत्पादकांचं अजिंक्यपद घेतलं.

ड्रायव्हरचं अजिंक्यपद मात्र १९९६पासून सलग चार वर्षं इव्होकडे गेलं, टोमी मॅकिनेन या फिनिश ड्रायव्हरमुळे. १९९७मध्ये त्याने मॅक्रेला एका गुणाने हरवलं. १९९८ची गोष्ट तर सिनेमात दाखवली तर खोटी वाटेल. शेवटच्या रॅलीत मॅकिनेन रस्त्यावर सांडलेल्या तेलावरून घसरला, चाक मोडलं आणि तो बाद झाला. आता अजिंक्यपद टोयोटाच्या साइन्झचं, असं सगळे धरून चालले होते. शेवटच्या स्टेजची शेवटची रेषा काहीशे मीटरवर असताना साइन्झचं इंजिन मेलं. मॅकिनेन घरी जायच्या तयारीत असताना जगज्जेता झाला.

पण आपल्या प्रश्नासाठी महत्त्वाची घटना स्टेजवर घडली नाही. १९९७ साली नियम बदलला. ‘वर्ल्ड रॅली कार’ नावाचा नवा गट आला. आता रॅलीची यंत्रणा असलेल्या हजारो गाड्या विकायची गरज उरली नाही. मोठ्या प्रमाणावर खपणारी कुठलीही साधी गाडी घ्या, तिच्यावर हवे ते बदल करा आणि त्या बदलांचे २० संच तयार ठेवा, एवढं पुरे.

सुबारूने नवा गट लगेच स्वीकारला. तिची रॅलीची गाडी आता दोन दारांची, ब्रिटनमधल्या प्रोड्राइव्ह कंपनीच्या कारखान्यात वेगळी घडवलेली झाली. मित्सुबिशी मात्र जुन्या ग्रुप एलाच चिकटून राहिली, थेट २००१पर्यंत. म्हणजे ही चार-पाच वर्षं मॅकिनेनला गाडीत एखादी नवी गोष्ट हवी असेल, तर ती आधी शोरूममधल्या गाडीत घालावी लागत होती.

दोन गाड्यांमधला पुढचा सगळा फरक या फाट्यापाशी सुरू होतो. १९९८ची इव्हो पाच रुंद झाली, तिचे मडगार्ड फुगले, ब्रेक मोठे आले, कारण रॅलीत रुंद चाकं हवी होती. १९९९च्या इव्हो सहामध्ये पुढची नंबर प्लेटसुद्धा मधून बाजूला सरकली, कारण तिच्यामुळे आत जाणारी हवा अडत होती. ऑफिसला जाणाऱ्या माणसाला यातलं काहीही नको होतं. तरी ते त्याला मिळालं.

सुबारूच्या शोरूममधल्या गाडीवरचा हा दबाव कमी झाला. पूर्ण गेला नाही, कारण खासगी स्पर्धकांच्या ‘ग्रुप एन’साठी २,५०० गाड्यांची अट दोघींनाही होती. पण कारखान्याची टीम आता शोरूमवर अवलंबून नव्हती. १९९८मध्ये सुबारूने इम्प्रेझा २२बी काढली. तिचे फुगलेले मडगार्ड आणि रंग रॅलीच्या गाडीवरून घेतले होते. जपानसाठी बनवलेल्या ४०० गाड्या हातोहात संपल्या. इव्हो रॅलीला सुटे भाग पुरवत होती. २२बीने रॅलीकडून कपडे उसने घेतले. गाडी म्हणून २२बी अप्रतिमच होती, पण ओघाची दिशा उलटली होती.

गेममधून शोरूममध्ये

नव्वदच्या दशकात या गाड्या अमेरिकेत मिळत नव्हत्या. तिथल्या मुलांची त्यांच्याशी ओळख झाली ती टीव्हीसमोर. १९९७च्या डिसेंबरमध्ये जपानमध्ये आणि पुढच्या वर्षी बाहेर आलेल्या ‘ग्रॅन टुरिस्मो’ या प्लेस्टेशनवरच्या गेममध्ये दोन्ही गाड्या होत्या. ‘इनिशियल डी’ या घाटातल्या शर्यतींच्या मांगात इव्होवाल्यांची एक अख्खी टोळी आहे आणि नायकाचा अबोल बाप पुढे इम्प्रेझा घेतो. पंधरा वर्षांच्या मुलांनी पडद्यावर शेकडो तास या गाड्या चालवल्या आणि कमवायला लागल्यावर शोरूममध्ये जाऊन विचारलं, कधी येणार?

२००१मध्ये डब्ल्यूआरएक्स अमेरिकेत आली. तिचा खप पाहून २००३मध्ये मित्सुबिशीने इव्हो आठ आणली आणि सुबारूने त्याच वर्षी एसटीआय. किंमत दोन्हींची ३० हजार डॉलरच्या आसपास. अमेरिकेतल्या एसटीआयला अडीच लिटरचं ३०० अश्वशक्तीचं इंजिन होतं, इव्होला २७१ अश्वशक्तीचं. कागदावर मागे असलेली इव्हो अनेक तुलनांमध्ये ट्रॅकवर पुढे निघत होती.

सोमवार आणि रविवार

आता त्या काळातल्या ग्राहकाच्या जागी बसा. खिशात एकाच गाडीचे पैसे आहेत.

रविवारचा विचार आधी. ट्रॅकवर इव्हो जास्त समाधान देते. स्टिअरिंग अतिशय तत्पर आहे, हात थोडा हलला की नाक वळतं. वळणाच्या मध्यावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी गाडी बाहेर फेकली जात नाही. इंजिन मार खाऊनही तक्रार करत नाही. एसटीआय ट्रॅकवर वेगवान आहे, पण तिला आधी नीट ब्रेक लावून, नाक दाबून वळणात घालावं लागतं. घाई केली की ती सरळ जाऊ पाहते. तिचं वळण शिकून घ्यावं लागतं, आणि शिकणाऱ्याला त्यातही मजा येते.

सोमवारी मात्र इव्होचे हेच गुण अंगावर येतात. तत्पर स्टिअरिंग लांबच्या हायवेवर क्षणभर सैल सोडता येत नाही. सस्पेन्शन कडक, रस्त्यावरचा प्रत्येक सांधा पाठीला कळतो. अमेरिकेतल्या इव्हो आठला पाचच गिअर होते, त्यामुळे हायवेच्या वेगाला इंजिन सतत ओरडत राहायचं. तिची पेट्रोलची टाकीही लहान. त्याच वर्षीच्या एसटीआयला सहा गिअर होते, सस्पेन्शनला थोडा जास्त दम होता, आतला आवाज कमी होता. पाऊस किंवा बर्फ असलेल्या गावात तिच्यासारखी सोबत नाही.

यंत्रांच्या खोड्या दोन्हीकडे होत्या. एसटीआयच्या अडीच लिटर इंजिनात पिस्टनच्या रिंगांमधला धातू तडकण्याची बदनामी आहे, विशेषतः कुणी ताकद वाढवण्याचे उद्योग केले असतील तर. जपानमधलं दोन लिटरचं इंजिन त्या मानाने चिवट. इव्होच्या बाजूने, मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या यंत्रणेचा हायड्रॉलिक पंप गंजला की मोठा खर्च. बाकी खर्च दोघींचा सारखाच. ट्रॅकवरचा एक दिवस म्हणजे टायर, ब्रेकचे पॅड, ब्रेकचं आणि इंजिनाचं तेल. विम्याचा हप्ता तरुण मालकाला जास्त बसायचा, कारण ब्रिटनमध्ये या गाड्या चोरांच्याही आवडत्या होत्या.

मग निवड कोणती? घरात एकच गाडी असेल आणि वर्षातून चार-पाच वेळाच ट्रॅकवर जाणार असाल, तर एसटीआय. घरात ऑफिससाठी दुसरं काही असेल आणि रविवारसाठीच आठवडा काढत असाल, तर इव्हो. १९९७ साली एका कंपनीने शोरूम आणि स्टेज वेगळी केली, दुसरीने केली नाही. त्या निर्णयाचा परिणाम तुमच्या पाठीला आणि घड्याळाला असा जाणवतो.

नियम गेला, मग गाड्या गेल्या

मित्सुबिशीने २००५नंतर रॅलीचं अजिंक्यपद सोडलं. सुबारूने डिसेंबर २००८मध्ये, जागतिक मंदीच्या धक्क्यात, माघार घेतली. २००७ची इव्हो दहा जास्त आरामशीर होती. तिला जुन्या लोखंडी इंजिनाऐवजी अ‍ॅल्युमिनियमचं इंजिन आणि क्लच न दाबता चालणारा गिअरबॉक्स मिळाला. पण ती कुठल्या शर्यतीसाठी बनवायची, याचं उत्तर आता कंपनीकडे नव्हतं. अडीच हजारांची सक्ती नसेल तर हिशेबनीस विचारणारच, की ही महागडी, पेट्रोल पिणारी गाडी आपण का बनवतोय? प्रदूषणाचे नियम कडक होत गेले आणि त्या प्रश्नाला धार आली. २०१५च्या ‘फायनल एडिशन’नंतर इव्हो संपली. सुबारूने २०१९मध्ये दोन लिटरच्या इंजिनाला निरोप देणारी शेवटची आवृत्ती जपानमध्ये काढली. गाड्या किती, तर बरोबर ५५५. २०२२च्या मार्चमध्ये कंपनीने सांगितलं की नव्या डब्ल्यूआरएक्सवर पेट्रोलची एसटीआय येणार नाही.

आपल्याकडे या घराण्याच्या फक्त साध्या बहिणी आल्या. १९९८पासून हिंदुस्तान मोटर्सने चेन्नईजवळ तिरुवल्लूरला जी मित्सुबिशी लॅन्सर बनवली, ती मॅकिनेनच्या इव्हो चार ते सहा ज्या लॅन्सरवर उभ्या होत्या, त्याच पिढीची. मुंबई-पुण्यात कित्येकांच्या काकांकडे ती होती, बहुधा दीड लिटरच्या इंजिनाची किंवा डिझेलवाली. सुबारूची फॉरेस्टर तर इथे शेव्हरोलेचा बिल्ला लावून विकली गेली. आपण ज्या रांगेत उभे होतो, तिथपर्यंत अडीच हजारांचा नियम पोचलाच नव्हता.

टोमी मॅकिनेन २००२मध्ये सुबारूत गेला आणि पहिलीच रॅली, माँटे कार्लो, जिंकला. म्हणजे या वादात तो दोन्ही बाजूंनी बसला. पुढे त्याने टोयोटाची रॅली टीम उभी केली आणि त्या टीमच्या मदतीने टोयोटाने २०२०मध्ये जीआर यारिस ही छोटी, टर्बो, चारही चाकांनी पळणारी गाडी काढली. तिची सुरुवातही रॅलीच्या गरजेतूनच झाली होती.

इव्हो आणि एसटीआय आज कुठे आहेत? निवडक आवृत्त्या लिलावात जातात, आणि पंचवीस वर्षं पूर्ण झालेल्या जपानी गाड्या अमेरिकेत आयात करायला परवानगी असल्याने त्यांच्या किमती चढतच आहेत. नवे मालक त्यांना एसी गॅरेजमध्ये कापडाखाली ठेवतात. किलोमीटर वाढले की भाव पडतो. त्यामुळे त्या सोमवारी ऑफिसला जात नाहीत आणि रविवारी ट्रॅकवरही जात नाहीत.